अडॅप्टरसाठी तीन कोटेशनं

माझी नोकरी गेली त्या दिवशी कंपनीने माझ्याकडून गाडीची किल्ली, गोदामाची किल्ली, पेट्रोलचं कार्ड आणि पार्किंगचा पास परत घेतला. लॅपटॉप मात्र घेतला नाही. आयटीवाल्याने तो उलटा करून पाहिला, बिजागरी चाचपली आणि म्हणाला, "सर, ये आप ही रख लो." अठरा वर्षं दुबईत एका बांधकाम कंपनीची चाकरी केल्यावर मला मिळालेला नारळ तो हाच. तो नासका निघायला तीन आठवडे लागले.

मी खरेदी खात्यात होतो. सळयांपासून मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधल्या गाद्यांपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमच्या खात्याचा एकच नियम होता. कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन विक्रेत्यांकडून लेखी कोटेशन मागवायचं, तिघांचा तुलनेचा तक्ता करायचा, चालण्याजोग्यातला सगळ्यात स्वस्त निवडायचा, खाली सही करायची. या पद्धतीने मी क्रेन भाड्याने घेतल्या, भात शिजवायची पातेली घेतली, हजारो सेफ्टी बूट घेतले. एकदा मालकांच्या ससाण्याला बसायचा स्टँड हवा होता. त्यालाही तीन कोटेशनं मागवली. ससाणा दोन आठवडे खुर्चीच्या पाठीवर बसून राहिला, पण तक्ता चोख होता.

दुसरा नियम माझा स्वतःचा होता. विक्रेत्याचं काहीही घ्यायचं नाही. दिवाळीची मिठाई, रमजानातले खजुराचे डबे, नव्या वर्षाच्या डायऱ्या, सगळं आल्या पावली परत. यामुळे बाजारात माझी कीर्ती फार वाईट होती. जो काही घेतो तो भावात थोडं सोडतो, असा तिथला साधा हिशेब. मी घेतही नव्हतो आणि सोडतही नव्हतो. माझ्याशी व्यवहार म्हणजे विक्रेत्यांना शिक्षा वाटायची आणि ते मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, थोडं आवडायचंही.

तर नोकरी गेली. कंपनीचं काम कमी झालं होतं, माझा पगार कमी झाला नव्हता, त्यामुळे त्यांनी मला कमी केलं. व्हिसाची मुदत संपायच्या आत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर बिऱ्हाड उचलून ठाण्याला जायचं होतं. मुलगी बारावीत. शाळा इथली, बोर्डाची परीक्षा इथली. ती काही बोलत नव्हती, पण "वुई आर स्टेइंग, राइट?" असं मधूनच विचारायची, तेही फ्रिजमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता. मी "इन्शाल्ला" म्हणायचो. अठरा वर्षं विक्रेते मला डिलिव्हरीच्या तारखेऐवजी हेच सांगायचे आणि मी त्यांच्यावर डाफरायचो.

चाळीसेक अर्ज केल्यावर अबुधाबीच्या एका कंपनीचं उत्तर आलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत. फोनवरून चालणार नाही, लॅपटॉपच हवा, कारण ते कोटेशनं पाठवणार आणि मी तक्ता कसा करतो ते माझ्या स्क्रीनवर बघत बसणार. असली परीक्षा असेल तर मी झोपेतही पास होईन असं मी बायकोला सांगितलं. हाताशी आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफायच्या खुणेवर फुली. बिल्डिंगखालच्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटं खुडबूड केली. "वायफाय का कार्ड गया, सर. बोर्ड में ही बैठा हुआ है, निकलेगा नहीं. बाहर से यूएसबी अडॅप्टर लगा लो, खलास." लॅपटॉप सडपातळ असल्यामुळे त्याला इंटरनेटची वायर खुपसायची जागाही नव्हती. फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यावं, तर आमच्या करामा भागातल्या फ्लॅटमध्ये फोनला नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं. म्हणजे मुलाखत ओट्याला टेकून द्यावी लागली असती, मागे कुकर.

मुलीने उपाय सांगितला. "बाबा, जस्ट ऑर्डर वन ऑनलाइन. इट विल कम टुमॉरो."

"कुठला?"

"एनी गुड वन."

एनी गुड वन! मला कानात कोणीतरी खडा टाकल्यासारखं झालं. अठरा वर्षांत एकाही इंजिनिअरला मी असं बोलू दिलं नव्हतं. गुड म्हणजे काय? कोणी ठरवलं? कशाच्या तुलनेत? मी तिला म्हटलं, आधी काय हवंय ते लिहून काढू, मग तीन कोटेशनं मागवू.

बायको दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. ती निघायच्या घाईत होती. चपला घालता घालता तिने विचारलं, "केवढ्याला येते ती वस्तू?"

"पन्नास-साठ दिरहम."

"म्हणजे बाराशे-चौदाशे रुपये. त्यासाठी तक्ता?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व गुरुवारच्या आत येऊ दे म्हणजे झालं," असं म्हणून ती गेली.

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. तीन आठवडे मी घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. दुपारी बारा वाजता घरातला पंखा कसा दिसतो हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. आता पुन्हा एक वस्तू होती, तिची गरज होती, विक्रेते होते आणि मी होतो. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो.

या अडॅप्टरची जात मोठी आहे. एक नखाएवढा असतो, खुपसला की दिसतही नाही. दुसरा काडीसारखा. तिसऱ्याला अँटेना असते आणि तो लावला की लॅपटॉप कान टवकारून बसल्यासारखा दिसतो. प्रत्येकाच्या खोक्यावर वेगाचा एक आकडा असतो, आणि हा आकडा घरात कधी मिळत नाही असं सगळेच विक्रेते आपण होऊन सांगतात. मी रकाने आखले. वेग, आकार, अँटेना, वॉरंटी, भाव, डिलिव्हरी. शेवटचा रकाना 'तांत्रिक मान्यता'. तो नेहमी असतोच.

पहिलं कोटेशन बर दुबईच्या एका दुकानातून आणलं. दुकानदार लेखी द्यायला तयार नव्हता. मी त्याच्याच पिशवीवर त्याच्याकडून लिहून घेतलं. दुसरं ऑनलाइन दुकानाचं. तिसऱ्यासाठी मी एका कच्छी शेठना फोन लावला. त्यांचं रास अल खोरला कॉम्प्युटरच्या सामानाचं गोदाम आहे, आणि आमच्या ऑफिसचे कॉम्प्युटर, प्रिंटर, वायरी बारा वर्षं त्यांच्याकडूनच यायच्या. दर वेळी मी त्यांचा भाव इतका तासायचो की शेठ फोन ठेवताना मोठ्याने देवाचं नाव घ्यायचे. माझी नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

"शेठ, एक वायफाय अडॅप्टरका कोटेशन भेजिये."

"कितना पीस, सर?"

"एक."

शेठ म्हणाले, "सॅम्पल?"

"हां. सॅम्पल."

'दुसऱ्याचा भाव तुमच्यापेक्षा कमी आहे' हे वाक्य सोडलं, तर विक्रेत्याशी मी खोटं बोललो ते हे पहिलंच.

शेठचं कोटेशन यायला दोन दिवस गेले. मी दोनदा आठवणीचा फोन केला, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून. सोमवारी तक्ता पूर्ण झाला. बर दुबईवाला नखाएवढा सगळ्यात स्वस्त होता. शेठचा अँटेनावाला सगळ्यात महाग. शेठनी खाली एक ओळ लिहिली होती, "पुराने लॅपटॉप को यही देना. छोटा मत देना." पण शेऱ्याला तक्त्यात रकाना नव्हता, आणि रकाना नसलेल्या गोष्टीचा विचार करायची मला सवय नव्हती. तांत्रिक मान्यतेच्या रकान्यात मी तिन्हींपुढे 'चालेल' असं लिहिलं. खाली मंजुरीसाठी बायकोची सही घेतली. तिने भाजीची यादी लिहायच्या पेनाने सही ठोकली आणि म्हणाली, "यल्ला, चल, आता आण बाबा एकदाचा."

संध्याकाळी नखाएवढा अडॅप्टर घरी आला. मी तो खुपसला. काही झालं नाही. खोक्यात एक छोटी सीडी होती. अडॅप्टर चालायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, त्या सीडीवर. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागा नाही. हल्ली कुठल्याच लॅपटॉपला नसते. मी दुकानात फोन केला.

"सीडी छोड़ो, सर. ड्रायव्हर इंटरनेट से डाउनलोड कर लो."

"इंटरनेट नहीं है. इसीलिए तो अडॅप्टर लिया."

"हां, सब कस्टमर यही बोलते हैं," तो समजूतदारपणे म्हणाला.

शेवटी मुलीने शाळेच्या टॅबवर ते उतरवलं, पेन ड्राइव्हने लॅपटॉपात घातलं आणि पाच मिनिटांत फुली गेली. तिने एक शब्दही ऐकवला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मंगळवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठेवली. बायको बेडरूममध्ये दार लावून फोन घेऊन बसली. ती अबुधाबीची कंपनी. मी हॉलमध्ये टाय लावून, खाली घरातली अर्धी चड्डी. तिने चष्मा नाकावर ओढून विचारायला सुरुवात केली, "तुमची आधीची नोकरी का..." आणि थिजली. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. मी वाट पाहिली. मग ती एकदम तीन प्रश्न पुढे निघून गेलेली दिसली आणि पुन्हा थिजली. माझी स्क्रीन तिला दिसलीच नाही. हे आम्ही चार वेळा केलं. चारही वेळा माझी नोकरी का गेली या प्रश्नावरच गाडी अडली.

मुलीने येऊन बघितलं. "बाबा, इट्स ओन्ली टू पॉइंट फोर. द होल बिल्डिंग इज ऑन दॅट. यू नीड वन विथ फाइव्ह."

तिने समजावलं ते असं. वायफायचे दोन रस्ते असतात. जुन्या रस्त्यावर बिल्डिंगमधले सगळे फ्लॅट दाटीवाटीने चालतात, आणि माझा नखाएवढा अडॅप्टर फक्त तोच रस्ता ओळखतो. दुसरा रस्ता मोकळा असतो, त्याला चांगला अडॅप्टर लागतो. हे खोक्यावर लिहिलेलं होतं. शेठच्या कोटेशनमध्येही लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं, पण मला त्याचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून मी 'चालेल' लिहिलं होतं.

ऑफिसात तो रकाना मी कधीच भरला नव्हता. तो इंजिनिअर भरायचा. मी त्याच्या सहीखाली स्वस्त कोण ते बघायचो आणि अठरा वर्षं स्वतःला हुशार समजायचो. हे मला त्या संध्याकाळी अर्ध्या चड्डीत कळलं आणि फार लागलं.

बायको बेडरूममधून बाहेर आली. मला वाटलं आता ती तक्त्यावरून बोलणार. ती समोर बसली आणि म्हणाली, "मला भीती वाटतेय. तू तक्ते कर, टाय लाव, काय वाटेल ते कर. पण मला तीन आठवडे रोज भीती वाटतेय आणि तुला बरं वाटावं म्हणून मी सह्या करतेय."

मी टाय सोडला. म्हटलं, मलाही वाटतेय.

बुधवारी सकाळी मी रास अल खोरला गेलो. मेट्रो, मग बस, मग उन्हात पंधरा मिनिटं पायी. ऑगस्टमध्ये तिथे माणूस पायी चालताना दिसला की ट्रकवाले वेग कमी करून बघतात. बारा वर्षांत मी शेठच्या गोदामात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तेच माझ्याकडे यायचे, फाइल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. आता मी त्यांच्या काचेच्या केबिनबाहेर घाम पुसत उभा होतो आणि ते लगबगीने उठून दार उघडत होते.

न विचारता चहा आला. दाट, वेलचीचा. मी तो आधी बाजूला सरकवला, सवयीने. मग लक्षात आलं की मी आता कोणाच्याच खरेदी खात्यात नाही. प्यायला हरकत नव्हती. प्यालो. चहा उत्तम होता. एवढी वर्षं आपण काय नाकारत होतो ते कळून थोडं वाईटही वाटलं.

"शेठ," मी म्हटलं, "वो सॅम्पल नहीं था. मेरे लिये ही चाहिये. मेरी नौकरी गयी."

"मालूम है, सर. तीन-चार हफ्ते से ऑर्डर पर साइन दूसरे आदमी का आता है."

"मालूम था तो कोटेशन क्यों भेजा?"

"आपने माँगा," शेठ म्हणाले.

त्यांनी कपाटातून अँटेनावाला अडॅप्टर काढला, ड्रायव्हर स्वतः एका पेन ड्राइव्हवर घालून दिला, दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं. "रख लो. पैसा नहीं." मी म्हटलं, नाही, बिल करा. ते म्हणाले, आता कसलं बिल, आता तर तुम्ही पाहुणे. मी म्हटलं, बिल नसेल तर अडॅप्टर नको, आणि खरोखरच उठलो. तेव्हा त्यांनी निमूटपणे बिल बुक ओढलं. आकडा लिहायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाँच दिरहम कम करो, शेठ."

शेठनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि पाच दिरहम कमी केले.

गुरुवारी अकरा वाजता लॅपटॉप कान टवकारून बसला. समोर खरेदी विभागाच्या प्रमुख होत्या, कैरोच्या कोणी मॅडम, कडक दिसणाऱ्या. त्या एकदाही थिजल्या नाहीत. आधीची नोकरी का गेली हा प्रश्न पूर्ण आला, उत्तरही पूर्ण गेलं. मग पाण्याच्या पंपांची तीन कोटेशनं आली. मी आधी तिन्हींच्या खालचे शेरे वाचले. तांत्रिक मान्यतेचा रकाना आला तेव्हा तो मी कोरा ठेवला आणि सांगितलं की यातलं मला कळत नाही, हे इंजिनिअरला विचारीन. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. चांगलं की वाईट, ते दिसलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, खरेदीतल्या माणसाची चौकशी आम्ही त्याच्या साहेबाकडे करत नाही, विक्रेत्याकडे करतो. एकाचा नंबर द्या. फोन आम्ही आत्ताच करणार.

माझ्या फोनमध्ये शेकडो विक्रेते होते. माझ्याबद्दल बरं बोलेल असा एकही आठवेना. वर्षानुवर्षं मी कोणाला काही सुटू दिलं नव्हतं, आणि आता त्यातल्या एकाच्या हातात माझं इथलं घर आणि मुलीची बारावी द्यायची होती. मी शेठचा नंबर दिला. कालच्या पाच दिरहमची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

त्यानंतर मी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. बायकोने सुट्टी घेतली होती. ती पोळ्या करत होती, गरजेपेक्षा बऱ्याच जास्त. एक वाजता शेठचा फोन आला.

"सर, अबुधाबी से मॅडम का फोन था. पूछा, ये आदमी कैसा है. मैंने सच बोल दिया."

"क्या बोला?"

"बोला, बहुत खराब आदमी है. बारह साल में एक बार पूरा भाव नहीं दिया. मेरे मुँह से निवाला निकाल के कंपनी को दिया."

मी ओट्याची कड धरली. बायकोचं लाटणं थांबलं.

"फिर मॅडम ने पूछा, खुद कितना लेता था? मैं बोला, मॅडम, बारह साल में मेरा एक चाय पिया. वो भी कल. नौकरी जाने के बाद."

शेठ पुढे सांगू लागले. "मॅडम हँसी. बोली, सोमवार को लेटर भेजेंगे. सर, अबुधाबी में भी मेरा माल जाता है. अब उधर भी आप ही बैठोगे. मेरा नसीब देखो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? सर? आवाज़ नहीं आ रहा. नेटवर्क गया क्या?"

बायको पिठाच्या हातांनी माझा दंड धरून "काय म्हणाले? अरे, काय म्हणाले?" असं विचारत होती. खिडकीत नेटवर्क चांगलं होतं. मलाच बोलता येत नव्हतं.